फोटो काढणं आणि कर्ज काढणं

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढावं, पायातला काटा काढावा, पाटीवर चित्र काढावं, तसाच फोटोही काढतो. या क्रियापदाचा आणखी एक उपयोग आहे आणि परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात तो समजावून सांगावा लागत नाही. कर्ज काढणं.

शब्दांचा हा योगायोगच असेल. पण तो धरून थोडं पुढे गेलं, तर फोटोच्या छंदातला एक अवघड प्रश्न जरा सुटसुटीत होतो. प्रश्न असा: आपण आवड म्हणून दुसऱ्याचा चेहरा, दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचे कष्ट आपल्या फोनमध्ये घेतो, तेव्हा आपल्याला तो हक्क कुठून मिळतो?

बातमीच्या फोटोग्राफरकडे याचं उत्तर असतं. लोकांना हे कळलं पाहिजे, असं तो म्हणू शकतो. लग्नातल्या फोटोग्राफरकडेही असतं; त्याला बोलावलेलं असतं, पैसे ठरलेले असतात. छंद म्हणून फोटो काढणाऱ्याकडे यातलं काहीच नाही. त्याला कुणी बोलावलेलं नसतं आणि उद्याच्या पेपरची घाईही नसते. रविवारी सकाळी गाडीला किक मारून तो गंगाखेडच्या घाटावर जातो, चारठाण्याची प्राचीन मंदिरं बघतो, येलदरीच्या धरणावर जातो, आणि वाटेत कापूस वेचणाऱ्या बायका दिसल्या की थांबतो. त्याच्याकडे एकच कारण असतं: मला आवडतं. हे कारण लहान नाही. पण ते त्याच्या बाजूचं कारण आहे. समोरच्या माणसाच्या बाजूने काय?

फोटो चांगला यावा म्हणून दिल्या जाणाऱ्या टिपा आपण सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. लेन्स पुसा, उजेड बघा, फोटोत एकच ठळक विषय ठेवा, जवळ जा, घाई करू नका. मला वाटतं, वरच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर याच साध्या टिपांमध्ये आहे. फक्त प्रत्येक टिपेपाशी थांबून विचारावं लागतं की ‘चांगला’ म्हणजे कोणासाठी चांगला.

लेन्स पुसण्यात असा काही पेच नाही. ती पुसाच. खिशातून काढलेल्या फोनच्या काचेवर बोटांचं तेल आणि धूळ बसलेली असते, त्यातून उजेड पसरतो आणि कितीतरी फोटो उगाच धुरकट येतात. पेच त्याच्या पुढच्या टिपांमध्ये आहे.

दुपारचा उजेड

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फोटो काढा, ही टीप सगळीकडे मिळते. तिच्यामागचं कारण पक्कं आहे. सूर्य खाली असतो तेव्हा त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो. त्यातला निळा भाग वाटेत विखुरतो आणि उरलेला उजेड मऊ, पिवळसर होतो. तो बाजूने पडतो, त्यामुळे चेहऱ्याला, भिंतीला, शेतातल्या ढेकळांना उठाव येतो.

परभणी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस इथे एकेक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच गडप होते. त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. तशा उजेडात माणसाचा फोटो काढून बघा. कपाळ आणि नाक पांढरंफटक, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे.

मग दुपारी फोन खिशातच ठेवायचा का? अडचण अशी की ज्या कष्टांचे फोटो आपल्याला हवे असतात, ते कष्ट दुपारी चालू असतात. कापसाची वेचणी सकाळच्या सोनेरी तासाभरात उरकत नाही. मानवत आणि सेलूच्या बाजारात येणारा कापूस अशा कित्येक दुपारींमधून आलेला असतो. आपण सगळेच फोटो सोनेरी उजेडात काढले, तर आपल्या फोटोंमधलं खेडं कायम पहाटेचं किंवा तिन्हीसांजेचं राहतं. बैल घरी परततायत, चुलीचा धूर वर चाललाय, म्हातारी दारात बसलीय. यातला एकेक फोटो खरा असतो. सगळे मिळून मात्र खोटं सांगतात, कारण त्यांच्यातून ऊन गायब झालेलं असतं.

म्हणून ही टीप अशी वापरू. चेहरा नीट दिसावा असं वाटत असेल, तर माणसाला ओसरीत, लिंबाखाली किंवा दाराच्या आत पाऊलभर यायला सांगा. सावलीतला उजेड सगळीकडून सारखा येतो आणि डोळे दिसतात. पण काम दाखवायचं असेल तर दुपारीच जा आणि कडक सावल्यांना घाबरू नका. डोक्यावर घट्ट ओढलेला पदर आणि त्याखाली अंधारलेला चेहरा, हे त्या दुपारचं अचूक वर्णन आहे. अर्थात दुपारी रानात जाणाऱ्यालाही ऊन लागतं. लागू द्या. तासभर त्या उन्हात उभं राहून काढलेला फोटो आणि गाडीची काच खाली करून काढलेला फोटो यांत फरक पडतो. तो फरक लेन्समुळे पडत नाही.

उजेडाबरोबर रंगाचंही बघावं लागतं. फोनचा कॅमेरा समोरच्या एकूण उजेडाचा अंदाज घेऊन फोटो किती उजळ करायचा ते ठरवतो. पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि सावळा चेहरा एकत्र आले की तो बऱ्याचदा पांढऱ्याला सांभाळतो आणि चेहरा काळाठिक्कर पडतो. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा, म्हणजे फोन त्या चेहऱ्याप्रमाणे उजेड ठरवेल. पण अनेक फोनमध्ये ‘ब्यूटी’ नावाची एक सोय असते. ती सुरकुत्या पुसते आणि माणसाला गोरं करते. ती बंद ठेवा. उजेड वाढवून चेहरा दिसता करणं आणि रंग बदलून तो ‘बरा’ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आपण कॅमेऱ्याची चूक दुरुस्त करतो. दुसऱ्यात माणूसच चुकीचा आहे असं धरून चालतो.

भेगा

फोटोत एकच ठळक विषय ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला चटकन कळेल, ही दुसरी टीप. मराठवाड्याच्या बाबतीत हा ठळक विषय जणू ठरूनच गेला आहे: भेगाळलेली जमीन. तिच्यावर उकिडवा बसलेला एक म्हातारा, कपाळावर आडवा हात, नजर आभाळाकडे. एप्रिल उजाडला की हा फोटो कुणी ना कुणी काढतोच.

पण काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. परभणीची भारी काळी जमीन चिकणमातीची आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. आदल्या वर्षी धो धो पाऊस झालेला असला तरी मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांमधून खाली जाते, पावसात जमीन पुन्हा फुगते आणि अशी ती स्वतःच स्वतःची उलथापालथ करत राहते. म्हणजे भेगांचा फोटो पाहून दुष्काळ आहे की नाही हे ठरवता येत नाही. तो फक्त उन्हाळा आहे एवढं सांगतो.

अशाच एका फोटोवरून १९३६ साली अमेरिकेत मोठं रण माजलं होतं. आर्थर रॉथस्टीन हा तरुण फोटोग्राफर सरकारी खात्यासाठी दुष्काळी भागाचे फोटो काढत होता. साउथ डकोटा राज्यात त्याला गुराची एक कवटी सापडली. त्याने ती उचलून काही फुटांवर भेगाळलेल्या जमिनीवर ठेवली आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. सरकारच्या विरोधातल्या वर्तमानपत्रांच्या ते लक्षात आलं. एकच कवटी दोन-तीन ठिकाणी! शिवाय तिथली जमीन तशी एरवीही भेगाळते, असंही म्हटलं गेलं. झालं असं की दुष्काळ खरा होता, माणसं खरोखर देशोधडीला लागत होती, आणि चर्चा कवटीची झाली. रॉथस्टीनला फोटो जास्त ठळक करायचा होता, पण त्यामुळे खऱ्या संकटावरच संशय घ्यायला लोकांना जागा मिळाली.

कवटी हलवणं आणि ‘काका, जरा वर आभाळाकडे बघा’ म्हणणं, यात फार अंतर नाही. दोन्ही वेळा फोटो आधीच आपल्या डोक्यात तयार असतो आणि समोरचा माणूस त्यातली रिकामी जागा भरायला येतो. त्याला काय झालंय ते आपण विचारलेलंच नसतं. विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं की त्याच्या घरी पाणीटंचाई म्हणजे रात्री दोनला येणारा टँकर, किंवा चारा नाही म्हणून बाजारात न्यायचं ठरलेलं जनावर, किंवा मुलीची लांबलेली फी. यातल्या काहींचा फोटो काढता येतो, काहींचा येत नाही. पण दुष्काळ कसा दिसतो हे ज्याच्या दारी तो आला त्यालाच विचारावं लागतं.

ज्याचं पीक त्याचा फोन

फोटो काढणारा म्हणजे शहरातून आलेला आणि फोटोत येणारा म्हणजे गावातला, हे चित्रही आता जुनं झालंय. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहतो, फोनचं लोकेशन चालू करतो, उभ्या पिकाचा फोटो काढतो आणि तो पेरा सातबाऱ्यावर नोंदवला जातो. पूर्वी ही नोंद तलाठ्याच्या हाती असायची. पीक विम्यासाठी नुकसान कळवतानाही फोटो लागायचे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांचं पाणी रानात शिरलं, तेव्हा गुडघाभर चिखलात उभं राहून आपल्याच पिकाचे फोटो काढायची वेळ कितीतरी शेतकऱ्यांवर आली. हे फोटो कुणी छंद म्हणून काढले नव्हते. उजेड कसा आहे, चौकट नीट बसतेय का, हे बघायला तिथे कोणाला सवड होती?

यातून आपल्यासारख्या छंदिष्टांनी एक गोष्ट शिकावी. समोरच्या शेतकऱ्याला फोटो म्हणजे काय हे आपल्यापेक्षा कमी कळत नाही. फोटो पुरावा असतो, तो कुठेतरी जातो, कुणीतरी त्यावरून काही ठरवतं, हे त्याने अनुभवलेलं आहे. म्हणून तो ‘कशाला काढताय?’ असं विचारतो तेव्हा तो अडाणीपणाचा प्रश्न नसतो. सरळ उत्तर द्यावं. ‘छंद आहे, इन्स्टाग्रामवर टाकणार आहे’ हे खरं असेल तर तेच सांगावं. ‘असंच’ हे उत्तर नाही.

आणि एक उलटी टीप. ई-पीक पाहणीला लोकेशन चालू लागतं, आपल्या छंदाला ते कॅमेऱ्यात बंद ठेवलेलं बरं. नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद राहते. एखाद्या लहान मुलीचा दारातला फोटो, तिच्या घराच्या पत्त्यासकट, कुठे कुठे फिरेल हे आपल्या हातात राहत नाही.

बोलण्याचं अंतर

झूम करू नका, चालत जवळ जा, असं सांगतात. यामागेही साधं कारण आहे. लेन्सची मर्यादा संपल्यावर फोनचा झूम फक्त चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, म्हणून तो फुटतो. पण फार जवळ गेलं तरी बिघडतं. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य घेणारी असते, त्यामुळे हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चेहऱ्यासाठी चार-पाच फुटांचं अंतर बरं. फोनमध्ये दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा आणि आणखी पाऊलभर मागे या. माणूस ओट्यावर किंवा जमिनीवर बसलेला असेल तर तुम्हीही खाली बसा. वरून काढलेल्या फोटोत माणूस बारका आणि बिचारा दिसतो.

आता हे अंतर बघा. चार-पाच फूट, दोघंही बसलेले, डोळे एका उंचीवर. आपल्याकडे माणसं याच अंतरावर बसून एकमेकांशी बोलतात. इथून न बोलता फोटो काढणं जवळजवळ अशक्य आहे. फोटो स्वच्छ यावा म्हणून दिलेली टीप आपल्याला थेट ‘राम राम’पर्यंत आणून सोडते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की विचारलं की फोटो मरतो. माणूस ताठ होतो, पदर सारखा करतो, पोरं दोन बोटं वर करतात. खरं आहे. पण तो ताठ फोटोही काढावा आणि आधी काढावा. त्या माणसाला स्वतःला कसं दिसायचं आहे, ते त्यात असतं. तो त्याला दाखवा. मग बसा. चहा आला तर घ्या. वीस-पंचवीस मिनिटांत ती बाई पुन्हा निवडायला लागते, तो माणूस पुन्हा दोरी वळायला लागतो, तुमच्याकडे लक्ष राहत नाही. तुम्हाला हवा असलेला फोटो आता मिळतो आणि तो चोरलेला नसतो.

मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे सुधारक ओलवे यांनी काढलेले फोटो पाहिले तर हे पटेल. कचऱ्यात आणि गटारात उतरून काम करणारी माणसं त्यांत आहेत, त्यांची घरं आहेत. एका फेरीत, लांबून, असं काम होत नाही. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. रोजच्या बातमीच्या धावपळीत असा वेळ क्वचित मिळतो. छंद म्हणून फोटो काढणाऱ्याकडे दुसरं काही नसलं तरी वेळ मात्र असतो. तोच नेमका खर्च करायचा नसेल, तर मग छंदाचा उपयोग काय?

परवानगीत एक बारकावा आहे. रानात मजुरीला आलेल्या बायकांचा फोटो काढायचा म्हटलं की बांधावरचा मालक म्हणतो, ‘काढा की, काय होतंय!’ ही मालकाची परवानगी झाली. बायकांची अजून व्हायची आहे. आणि ‘आमचे कशाला फोटो काढता, भाऊ?’ असं हसत हसत कुणी म्हटलं, तर त्यातलं हसू तेवढं ऐकून पुढे जायचं नसतं. हसून दिलेला नकारही नकारच असतो. पुष्कळ जणींना तो हसल्याशिवाय देताच येत नाही.

नाव

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबल्या. दळण, कांडण, झाडलोट. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या एका मोलकरणीचं आयुष्य आज आपल्याला माहीत आहे, कारण ते तिने स्वतः सांगितलं आणि अभंगाच्या शेवटी आपलं नावही घातलं. कुणी वाटेवरून जाणाऱ्याने दळणारी बाई बघून तिचं वर्णन केलं असतं, तर आपल्यापर्यंत ‘एक दळणारी बाई’ पोचली असती. जनी पोचली नसती.

‘एक दळणारी बाई’ होणं म्हणजे काय, हे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन यांना विचारायला हवं होतं. १९३६ सालीच, रॉथस्टीन ज्या खात्यात होता त्याच खात्यासाठी डोरोथिया लँग या कॅलिफोर्नियात फोटो काढत होत्या. वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर त्यांना मुलांसह बसलेली एक आई दिसली. लँगनी जवळ जात जात मोजकेच फोटो काढले. त्यातला एक विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक ठरला: ‘मायग्रंट मदर’, स्थलांतरित आई. आपण तिचं नाव विचारलं नाही, तिने वय तेवढं सांगितलं, असं लँगनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. वय होतं ३२.

ते नाव जगाला कळलं १९७८ साली, ४२ वर्षांनी. थॉम्प्सन तेव्हा त्या फोटोवर रागावलेल्या होत्या. फोटो विकणार नाही असं सांगितलं होतं आणि एक प्रत पाठवते म्हणाली होती, ती कधीच आली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लँगच्या बाजूनेही काही सांगितलं पाहिजे. फोटो सरकारी मालकीचा होता, त्याच्या विक्रीतून त्यांना पैसे मिळाले नाहीत. तो छापून आल्यावर सरकारने त्या तळावर अन्न पाठवलं. पण तोवर थॉम्प्सन यांचं कुटुंब तिथून पुढे गेलेलं होतं. १९८३ साली त्या आजारी पडल्या, तेव्हा या फोटोच्या आठवणीनेच लोकांनी ३५,००० डॉलरहून जास्त रक्कम जमवली आणि त्यांच्या मुलांचं फोटोबद्दलचं मत बदललं.

म्हणजे त्या फोटोने भलंही केलं. मग तक्रार नेमकी कशाची होती? माझ्या समजुतीप्रमाणे ती कर्जाची होती. लँगनी काहीतरी नेलं होतं आणि परत द्यायचं कबूल केलं होतं. जगाला त्यातून कितीही मिळालं, तरी जिच्याकडून घेतलं तिच्या खात्यावर चार दशकं काहीच जमा झालं नाही. नावसुद्धा नाही.

आपल्या लहानशा छंदातही हेच होतं. चेहरा त्यांचा, लाइक आपल्याला. खाली ओळ लिहायची वेळ येते तेव्हा आपण ‘कष्टाचे हात’ किंवा ‘ग्रामीण सौंदर्य’ असं काहीतरी लिहितो, कारण नाव विचारलेलंच नसतं. नाव विचारा. छापू का, तेही विचारा. कुणाला नाव नको असेल तर ते आपल्या वहीत राहू द्या. नाव माहीत असलेल्या माणसाचा फोटो आपण वेगळ्या रीतीने निवडतो. डोळे अर्धवट मिटलेला, तोंड वाकडं झालेला ‘भारी’ फोटो मग सहजासहजी टाकवत नाही.

न विचारता

याचा अर्थ प्रत्येक फोटोआधी परवानगीचा कागद फिरवायचा, असा नाही. परभणीच्या उरुसातली गर्दी, घाटावरची दिव्यांची रांग, पूर्णा जंक्शनवर उतरणारी माणसं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतं आणि त्यात कुणी एकटा उघडा पडत नाही. रस्त्यावरच्या फोटोंची परंपराच न विचारता काढलेल्या क्षणांची आहे. तिथे मी एक साधी कसोटी लावतो: या माणसाने हा फोटो उद्या त्याच्या पुतण्याच्या फोनवर पाहिला, तर त्याला मान खाली घालावी लागेल का? लागणार असेल तर तो फोटो नको. अंघोळ करणारी बाई, दारू पिऊन पडलेला माणूस, मयतीच्या घरात रडणारी आई: इथे उजेड कितीही सुंदर असला तरी फोन खाली.

आणि कधी छंदिष्टही साक्षीदार होतो. पूर येतो, भिंत कोसळते, कुणी कुणावर हात उचलतो. तेव्हा काढावा. पण त्या क्षणी तो छंद राहत नाही, आणि म्हणून तो फोटो आपल्या पेजवर टाकायचाही नसतो. ज्याला त्याचा उपयोग आहे त्याच्या हाती द्यायचा असतो. मदतीचा किट देतानाचा फोटो याच्या बरोबर उलट असतो. तिथे घेणाऱ्याला मदतीची किंमत चेहऱ्याने चुकवायला लावलेली असते.

परतफेड

फार जुनी गोष्ट नाही. आपल्याकडे फोटो म्हणजे स्टुडिओत किंवा जत्रेत काढलेला फोटो असायचा. मागे रंगवलेला पडदा, हाताशी प्लास्टिकची फुलं. कोणता सदरा घालायचा, कोणाशेजारी बसायचं, हसायचं की नाही, हे फोटोत येणारा ठरवायचा. तो पैसे द्यायचा आणि फोटो त्याच्या घरी जायचा. भिंतीवर टांगला जायचा. फोटो ज्याचा, त्याच्याकडे. आपल्या फोनने ही रीत उलटी केली. आता फोटो काढणाऱ्याकडे राहतो आणि ज्याचा आहे त्याला तो अनेकदा बघायलाही मिळत नाही.

कर्ज काढण्यात वाईट काही नाही. पेरणीला, विहिरीला, लग्नाला काढावं लागतं. कर्ज वाईट होतं ते फेडायचा विचार नसताना काढलं की. फोटोच्या व्यवहारात गंमत अशी आहे की जो शेतकरी, जी मजूर बाई एरवी कायम देणेकरी म्हणून ओळखली जाते, ती इथे घेणेकरी असते. देणेकरी आपण. तेव्हा हक्क कुठून मिळतो, या सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: हक्क आधीपासून नसतोच. समोरचा विश्वासाने उसनं देतो आणि आपण फेडतो, तेवढ्यापुरता तो तयार होतो.

फेड फार महाग नाही. फोटो तिथल्या तिथे दाखवा. नको म्हटला तर समोरच डिलीट करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार आणि बारकावा कमी होतो. आणि महिन्यातून एकदा त्यातले दोन-चार फोटो तालुक्याच्या स्टुडिओत कागदावर काढून घ्या. निवडताना तुम्हाला आवडलेला तर घ्याच, पण त्यांनी पदर सारखा करून, ताठ बसून काढून घेतलेला तो पहिला फोटोही घ्या. भिंतीवर बहुधा तोच लागेल.

मग पुढच्या रविवारी त्याच रस्त्याने जा आणि तो देऊन या. त्या दिवशी नवा फोटो नाही काढला तरी चालतं.